अक्काचे आठ बोल्ट

अक्का गेली, आणि गाडीचे हेड बोल्ट दुसऱ्यांदा कसायचे राहून गेले.

आज महिना झाला.

नांदेडला डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. आत अव्वा, म्हणजे आमची आई. समोर लिंबाखाली आमची छोटी पांढरी गाडी. मी मधूनमधून उठतो, गाडीखाली वाकून बघतो. पाणी ठिबकतंय का?

ठिबकत नाहीये. तरी बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अक्का माझी मोठी बहीण. लातूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायची. तिचा आवाज चढला की शेजारचा वेल्डिंगचा वर्गही गप्प व्हायचा, असं तीच सांगायची.

मध्यंतरी अहमदपूरच्या घरून इकडे येताना गाडी तापली. हेड गॅस्केट उडालं. इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसवलेला तो पातळ पत्रा.
आठवड्यातून दोनदा अव्वाला इथं आणावं लागतं. डायलिसिस झाल्यावर तिला एसटीत बसवत नाही. गाडी बंद म्हणजे सगळंच अडलं.

मी अक्काला फोन केला. गॅरेजला टाकतो म्हणालो.
"कुठंही टाक, गॅरेजवाला माझाच विद्यार्थी निघणार. मग मीच येते की."

तिने येऊन हेड उतरवून नेलं, लातूरला फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून एसटीने आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली ठेवा की ते."
"ओरखडा पडला तर तुम्ही घासून देता का?"
पूर्ण रस्ताभर मांडीवर.

आठ बोल्ट. मधल्यापासून सुरुवात, मग आलटून पालटून बाहेरच्या बाजूला. एकदम नाही, तीन फेऱ्यांत थोडं थोडं. शेवटच्या फेरीत ठरलेला जोर आला की टॉर्क रेंच 'टक्' वाजतो.
वाजला की त्या बोल्टवर मी स्केचपेनने रेघ मारायची. माझं काम एवढंच.

शेवटची फेरी अर्ध्यात असताना तिला प्रिन्सिपलचा फोन आला. ती गेटकडे गेली. मी चहा टाकायला आत गेलो.

तेवढ्यात अव्वाची लिंगपूजा आटोपली. बाहेर येऊन बघते तर अंगणात इंजिन उघडं, सगळं पुसून चकाचक. तिने सगळ्या बोल्टांवर तीन बोटांनी भस्म लावलं.

मी चहा घेऊन बाहेर आलो. "अव्वा, हे काय केलंस?"
"भस्म लावलं. चांगलं काम चालू हाय."
"अगं, आत राख गेली की ऑइल नासतंय."
"राख म्हनू न्हाई. भस्म हाय ते."

अक्का गेटवरून परत आली. तिने फडकं पेट्रोलमध्ये भिजवून एकेक बोल्ट पुसला. भस्म गेलं. त्याच्याबरोबर माझ्या रेघाही गेल्या.

"मल्लू, किती झाले होते?"
"बहुतेक पाच."
"बहुतेक म्हणजे?"

मी आठवत राहिलो. जेवढं आठवावं तेवढा पाचाचा चार आणि चाराचा सहा व्हायला लागला.

अक्काने आठही बोल्ट उलट क्रमाने सैल केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.
"बहुतेकवर अव्वाला बसवायचं न्हाई."

मग टायमिंग, म्हणजे इंजिनचा वरचा आणि खालचा भाग एका ठेक्यात आणणं. बेल्ट चढवण्याआधी वरच्या आणि खालच्या पुलीच्या खुणा तिने जुळवून घेतल्या. मी चावीकडे हात नेला तर हातावर फटका.
"आधी हाताने दोन फेरे. खुणा परत जिथल्या तिथं आल्या की मग चावी. बेल्टचा एक दात चुकला तर नांदेड ऱ्हायलं, गेटबाहेर जाणार न्हाईस."

खुणा आल्या. कव्हर बसलं. मग तिने अव्वाला हाक मारली.
"आता लाव. बाहेरून. किती लावायचं ते लाव."

निघताना अव्वाला वाकून 'शरणार्थी' म्हणाली, हा आमच्यातला नमस्कार, आणि टॉर्क रेंच आमच्याकडेच ठेवून गेली. "नवीन गॅस्केट दबतंय. पाचशे किलोमीटर झाले की परत कसायचे. इंजिन गार असताना. मी येते तवा."

आली नाही. वर्कशॉपमध्ये, शिकवता शिकवता, उभ्याची खाली बसली आणि गेली.

मधले दिवस चुलतभावाच्या गाडीने काढले. पाचशे होत आले होते, म्हणून आपली मी अंगणातच उभी ठेवली. परवा अव्वा म्हणाली, "आपली काढ की. तिनं केलेली हाय."
मला त्याचीच भीती वाटत होती. तिने केलेलं माझ्या हातून बिघडलं तर?

आज सकाळी कव्हर उघडलं. मधल्यापासून सुरुवात. सात बोल्ट जागेवरच 'टक्' वाजले. आठवा वाजण्याआधी किंचित फिरला.

एवढा फिरणं बरोबर आहे का? की तो त्या दिवशीच राहिला होता? पण तिने तर सगळे पहिल्यापासून कसले होते. मी समोरच होतो. होतो ना?

फोन हातात घेतला. अक्काचं नाव अजून सगळ्यात वर आहे.
तिच्या एका विद्यार्थ्याला लावला. "सर, गॅस्केट दबतं. बहुतेक नॉर्मल आहे."

बहुतेक.

फोन ठेवला आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून फिरलो. आठही टक्. एकही हलला नाही.

मान वर केली तर अव्वा शेजारी उभी. हातात भस्माची वाटी. किती वेळ उभी होती माहीत नाही.
"झालं का रे?"
"थांब, अव्वा. कव्हर बसू दे."
"थांबलेच हाय की मी."

कव्हर बसवलं. तिने बाहेरून तीन बोटं ओढली. मग खाली ठेवलेल्या टॉर्क रेंचच्या मुठीवरही ओढली. ती मी पुसली नाही.

अक्का, येताना तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही. अजून परत जायचंय.
पुढे गाडी तापली तर काय करायचं ते मला येत नाही. पण बहुतेकवर तिला बसवणार नाही.

शरणार्थी, अक्का.