पित्ताचे तीन खडे

आर्णीच्या बसस्टँडमागे बशीर पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. पाटीवर नाव बशीरचं, काम सुग्राबीचं. बशीर कापूस पिंजण्याचं मशीन चालू करायचा आणि दिवसभर मशीनवर उपकार केल्यासारखा चेहरा करून बसायचा. गादी भरणं, ठोकणं, टाके घालणं हे सगळं त्याच्या बायकोकडे. साल होतं २००६. कापसाला भाव नव्हता, पण कापसाच्या प्रश्नाला भलताच भाव आला होता. दर आठवड्याला कुणी ना कुणी गाडीतून उतरे, हळहळे, फोटो काढे आणि निघून जाई. त्यातल्या एकाने जरी एखादी गादी भरून घेतली असती, तरी सुग्राबीने त्या हळहळीवर विश्वास ठेवला असता.

अशाच एका पथकाने शेतकऱ्यांचं मन तपासायला शिबिर भरवलं. मन दाखवायला कुणी फिरकलं नाही. मग रिकाम्या बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी जमलेल्या बायकांनाच तपासायला घेतलं. फुकट आहे म्हणून खोकला दाखवायला गेलेल्या सुग्राबीच्या डाव्या छातीत गाठ निघाली. पुढचं सगळं नागपूरला झालं. कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, डावी छाती गेली, इंजेक्शनांनी केस गेले. सात महिने बहिणीकडे काढून ती जिवंत परत आली. याचं श्रेय कापसाच्या पडलेल्या भावालाच द्यावं लागेल, कारण भाव पडला नसता तर शिबिर कुठून आलं असतं?

तोवर बशीरने आजाराचं नाव बदलून टाकलं होतं. त्यांच्या मुलीचा, मुस्कानचा, निकाह दिग्रसच्या एका घरात ठरला होता आणि मुलाची आई फार चौकस होती. "असली बिमारी खानदानात चालते," असं म्हणून तिने याआधी एक रिश्ता मोडलेला होता. हे तिच्या कानावर गेलं की मुस्कानचं लग्न मोडलंच म्हणायचं. म्हणून बशीरने जाहीर केलं, की बायकोला पित्ताचे खडे झाले होते.

पण आपल्याकडे ऑपरेशन नुसतं सांगून भागत नाही, खडे दाखवावे लागतात. जो तो "पाहू दे ना खडे" म्हणायला लागला, तेव्हा बशीर अरुणावती नदीच्या पात्रात उतरला, तीन गुळगुळीत खडे निवडले आणि औषधाच्या बाटलीत घातले. दिग्रसचे व्याही आले, त्यांनी बाटली उजेडात धरली आणि "माशाअल्लाह, चांगले मोठे हायत," म्हणाले. सुग्राबी आत पडद्यामागे बसून ऐकत होती. एवढं सोसलं आपण आणि कौतुक दगडांचं! तिला संताप आला. मुलीकडे पाहून तिने तो गिळला.

राहता राहिला रिकामी बाजू भरण्याचा प्रश्न. नागपूरला रबराची छाती विकत मिळत होती. किंमत ऐकून सुग्राबी म्हणाली, "एवढ्यात मी दोन गाद्या भरून देते." घरी येऊन तिने मलमलची गोल पिशवी शिवली आणि चांगला पिंजलेला कापूस भरला. दिसायला झकास. पण कापूस हलका. ती घालून गेली त्या पहिल्याच लग्नात जेवणं होईपर्यंत ती छाती खांद्याशी जाऊन पोचली. वजन पाहिजे म्हणून मग तिने आत मूठभर सरकी घातली, तेव्हा ती जागेवर राहिली. पावसाळ्यात एकदा पिशवी धुतली, नीट न वाळवताच पेटीत ठेवली, आणि आठवड्याने पाहते तर सरकीला मोड आलेले! त्या वर्षी तालुक्यात कितीतरी जणांचं कंपनीचं महागडं बियाणं उगवलं नव्हतं, आणि इथे पेटीत पीक उभं. सुग्राबी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आजारानंतरचं ते पहिलं हसू. पुढे ती सरकी भाजून घालू लागली, आणि नागपूरला तपासणीला जाताना तिथल्या बायकांसाठीही पाचसहा पिशव्या शिवून नेऊ लागली.

निकाहाला दोन महिने उरले असताना जवळच्या खेड्यातली इंदुताई दुकानात आली. तिची लेक प्रेरणा बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी गादी भरायची होती. इंदुताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या आर्णीला ठाऊक. बशीर बाहेर गेला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "माह्या बी छातीत गाठ हाय एक. सहा महिने झाले."

सुग्राबीने सुई गादीत खोचली. "दवाखान्यात गेली का?"

"दुखत नाही बिलकुल. मंग जाऊ कायले?"

"माही बी दुखत नव्हती."

"तुही कोनती वं?"

सुग्राबीने दुकानाचा पडदा ओढला आणि ब्लाउजची बटणं काढली. इंदुताईने आधी सरकीची पिशवी पाहिली, मग तिच्यामागचा सपाट व्रण.

"आता दवाखान्यात जाय," सुग्राबी म्हणाली. "पन हे कोनाले सांगू नको. मुस्कानचं वाटोळं होईन." इंदुताईने प्रेरणाची शपथ घेतली.

तीन आठवडे गेले. आर्णीत हूं की चूं नाही. बाजारात इंदुताई भेटली तेव्हा सुग्राबीने विचारलं, "काय म्हनाला डॉक्टर?"

"गेलीच नाही."

"काहून?"

"घरी काय सांगू? हे म्हनतीन, तुले कोनं सांगतलं? मंग तुह्यं नाव घ्या लागते. लेकीची शपथ हाय. जिंदगीत पहिल्यांदा काही पोटात ठेवलं, अन् तूच कावून राह्यली!"

सुग्राबीने कपाळावर हात मारला. दोन दिवस तिने मनातल्या मनात इंदुताईला शिव्या घातल्या. एकीकडे मुलीचं लग्न, दुसरीकडे ही बावळट बाई. तिसऱ्या दिवशी ती उठून इंदुताईच्या गावी गेली. अंगणात नवरा किसनराव शेजाऱ्यांबरोबर चहा घेत बसला होता. त्यात नानाजीही होते, आणि नानाजींचा जावई दिग्रसचा. सुग्राबीने ते पाहिलं आणि तरीही मोठ्यांदा सांगितलं, "किसनभाऊ, मले खडेगिडे काही नव्हते. छातीचा कॅन्सर होता. इंदुताईले बी गाठ हाय. उद्या तिले यवतमाळले घेऊन चालली मी."

दिग्रसहून दोन दिवसांत निरोप आला. इस्तिखारा केला, म्हणे, इशारा ठीक नाही मिळाला. ठरून आठ महिने झाले होते, अल्लाला विचारायची आठवण आत्ता झाली. बशीरने बोलणं सोडलं. मुस्कान आत जाऊन रडली.

आणि यवतमाळचा रिपोर्ट आला. इंदुताईची गाठ साधी चरबीची निघाली.

"चरबी!" बशीरला वाचा फुटली. "चरबीपायी रिश्ता घालवला!"

सुग्राबीने मनात पश्चात्ताप शोधून पाहिला. सापडला नाही. इंदुताई वाचली याचा तिला इतका आनंद झाला होता, की तो लपवताना तिची तारांबळ उडत होती. मुस्कानसमोर मात्र तिला मान वर करता येईना.

मुस्कानच येऊन शेजारी बसली. "मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं, अम्मी. दवाखान्याचे कागद इंग्रजीत होते. या घरात इंग्रजी वाचते कोन?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी माह्यासाठी एवढं लपवून राह्यले होते. मी कसं बोलू? खानदानात चालते, हे त्या बाईनं काही खोटं नाही सांगतलं. मी रोज आंघोळीच्या वक्ती पाह्यते. पन मले समजतच नाही, काय पाहाचं ते."

सुग्राबीला मोठ्यांदा रडावंसं वाटलं. जिच्यासाठी सगळं घर खोटं बोललं, ती पोर इतके महिने एकटीच भीत होती. तिने बशीरला दूध आणायला पिटाळलं, दार लावलं, हात धुतले आणि मुलीला समोर बसवलं. बोटं कशी ठेवायची, कुठून कुठे न्यायची, ते नागपूरच्या नर्सने तिला शिकवलं होतं. ती सावकाश, एकेक बाजू तपासत गेली. काही लागलं नाही.

"पुन्यांदा पाह्य," मुस्कान म्हणाली, आणि सुग्राबीने पुन्हा पाहिलं.