आधी बटण, मग बोट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की पाना, तेलाचा डबा आणि चार शिव्या घेऊन जो धावतो, तो जॉबर. बावीस वर्षं झकास चाललं होतं. मग एक दिवस मालक म्हणाले, "दिवाळीनंतर इलेक्ट्रॉनिक बोर्डवाले माग येणार. ज्याला बोर्ड कळंल तो त्यावर, बाकीचे पॅकिंगला."

पॅकिंगला! मी टॉवेलच्या घड्या घालत बसायचं? पेटलोच. फोनवर व्हिडिओ बघून ठरवलं, घरी कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं छोटं सीएनसी यंत्र बनवायचं, त्या नादात बोर्डाचंही शिकून होईल. सांगाडा चार दिवसांत उभा केला, वर म्हैस बसली तरी हलणार नाही असा. मोटरी बसवल्या. राहिला ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला कधी आणि किती फिरायचं ते सांगणारी बोटाएवढी पाटी. तशा तीन आणल्या होत्या.

पहिली फट्‌ करून जळाली. मी व्हिडिओवाल्याला शिव्या घातल्या. दुसरी जळाली तेव्हा दुकानदाराचा नंबर लागला. "लुटतात लेकाचे!"

बायको तिथंच टॉवेलचे काठ शिवत होती. लग्नाआधी तिनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं. सर्टिफिकेट ट्रंकेत आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिला विचारावं असं डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण जॉबरनं बायकोला विचारायचं?

शेवटची पाटी उरली तेव्हा मुकाट तिच्याकडं गेलो. अडला हरी म्हणतात, पण पुढचं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती.

"तुला ह्यातलं कळतं, तर इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तुमी विचारलं कुटं? लावा तिसरी. मी बगते."

मोटर फिरायला लागली आणि तिची एक वायर सैल होऊन लोंबू लागली. माझा हात लगेच तिकडं गेला. बायकोनं मनगटावर असा फटका दिला की आई आठवली. झटकन बटण बंद करून म्हणाली, "ह्येच! दोनी डाव तुमी ह्येच केलं!"

खरंच की! चालत्या मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची, माग थांबवायचा नाही, यातच आमची ऐट. बोटांना तीच खोड. पण वीज चालू असताना मोटरीची वायर काढली-लावली तर ड्रायव्हर जळतो.

"आधी बटण, मग बोट," ती म्हणाली. पुढं महिनाभर रोज संध्याकाळी शिकवणी. वीज तपासायचा मीटर कसा धरायचा, सोल्डरचा डाग कसा द्यायचा. चुकलं की टॉवेल मोजायची पट्टी हातावर बसायची. यंत्रानं पहिला गोल कोरला, तो कडा फाटलेल्या भाकरीसारखा आला. तरी मी गल्लीभर दाखवून आलो.

दिवाळीनंतर नवा माग आला आणि तिसऱ्या दिवशी बंद पडला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मेन बंद केला, पेटी उघडली, मीटर लावला. एक जोड ढिला होता. आवळला. माग धडधडायला लागला.

"कुटं शिकलास रं?" मालकांनी विचारलं.

'फोनवर' हा शब्द जिभेवर आला होता. गिळला. "बायकोनं शिकवलं."

मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "मग तिला बी आण की. बोर्डाला अजून एक मानूस पायजेच हाय."

घरी जाऊन सांगितलं. तिनं शिवण थांबवली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. इतक्या वर्षांत मी तिला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"मला जमंल व्हय हो आता?"

"न जमाय काय झालं?" मी म्हणालो, "माज्यासारख्या दगडाला शिकवलंस की."