नव्या वर्षाची चूल

मुक्ताबाई वाघमारे मीरा रोडला हाटकेशमध्ये दोन खोल्यांत राहायच्या. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. नवरा बापूराव पोस्टात, त्या स्वतः जवळच्या गाळ्यात प्लास्टिकची खेळणी जोडायच्या कामाला. १९९१ साली त्यांच्याकडे इनोका नावाची श्रीलंकेची मुलगी राहायला आली. ती मुंबईत कापडावरची छपाई शिकत होती. हॉस्टेलात जागा मिळेना, तेव्हा विहारातल्या भंतेजींनी शब्द टाकला आणि मुक्ताबाईंनी तिला ठेवून घेतलं. मोडक्या हिंदीत दोघींचं भागायचं. संध्याकाळच्या वंदनेत मात्र इनोकाची पाली मुक्ताबाईंपेक्षा सफाईदार.

एप्रिल आला. बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. घरोघरी निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांना इस्त्री. जयंतीच्या आदल्या दिवशी इनोका गॅलरीत रडताना दिसली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, उद्याच तिच्याकडचं नवं वर्ष. ठरलेल्या घटकेला घरची चूल पेटवतात, दूध उतू जाऊ देतात, नारळाच्या दुधातला भात करतात. या सणाला ती पहिल्यांदाच घरापासून लांब होती.

मुक्ताबाई म्हणाल्या, "मग उद्याची चूल तूच पेटव."

बापूरावांना ती घटका खटकली. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मुहूर्त कसला, असं त्यांनी बोलून दाखवलं.

मुक्ताबाई तांदूळ निवडत होत्या. "मुहूर्त आपण न्हाई मानत. पण तिकडं तिची आय त्याच घडीला चूल पेटवंल. पोरीला वाटंल, दोघी संगंच हाव."

बापूरावांनी घड्याळाला चावी दिली आणि ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

सकाळी इनोकाने गॅस पेटवला. दूध वर आलं तसा मुक्ताबाईंचा हात सवयीने बटणाकडे गेला, इनोकाने तो हलकेच धरून ठेवला. दूध उतू गेलं आणि ती हसली. भात थापून तिने शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडल्या. मग तिकडे वडीलधाऱ्यांना मान म्हणून देतात तशी, नाक्यावरून आणलेली विड्याच्या पानांची जुडी दोन्ही हातांत धरून तिने मुक्ताबाईंपुढे गुडघे टेकले.

मुक्ताबाई मागे सरल्या. लहानपणी गावात त्यांना ओंजळीत वरून पाणी वाढायचे. त्यांच्यापुढे आजवर कुणी वाकलं नव्हतं.

"घे," बापूराव म्हणाले. "तिच्या आयच्या जागी हायस तू."

मुक्ताबाईंनी पानं घेतली. इनोकाकडे पहिला घास घरातल्या मोठ्याने भरवायचा असतो. तो त्यांनी तिला भरवला. उरलेल्या वड्या जयंतीच्या मंडपात वाटल्या गेल्या, आणि मुक्ताबाईंची पांढरी साडी नेसून इनोका मिरवणुकीत चालली.

संध्याकाळी बूथवरून इनोकाने घरी फोन लावला आणि बोलणं झाल्यावर रिसीव्हर मुक्ताबाईंच्या हातात दिला. पलीकडून तिची आई आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिली. शब्द एकही कळत नव्हता, पण ती आभार मानतेय हे कळत होतं.

मुक्ताबाई मराठीतच म्हणाल्या, "उपकार तर तुमचे झाले, बाई. पोरगी पोटभर जेवलीय. काळजी करू नका."