अव्वाची दुपारची मालिका

विशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला गच्चीवर तुरीच्या डाळीला ऊन दाखवत होते. फोन नांदेडहून, त्याच्या शेजारच्या भाभींचा. भाभी एरवी फोनवर आधी तब्येत विचारतात, मग पाऊसपाणी, आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "अक्का, तुम्ही निघा. सर उठंनात." मी विचारलं, "उठंनात म्हणजे?" त्यावर त्या नुसत्या रडायला लागल्या... विश्वनाथ, माझा धाकटा भाऊ, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. दुपारी सासूच्या शेजारी खुर्चीत बसून टीव्ही बघत होता, बघता बघता गेला. सासूला वाटलं जावयाला झोप लागली. तिनं आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्यावर टाकली, मालिकेचा भाग पुरता बघितला आणि मग चहासाठी हाका मारायला लागली. हाका थांबेनात म्हणून भाभी आल्या. त्यांनी शालीखालचा हात हातात घेतला तेव्हा त्यांना कळलं. मी मिळेल त्या एसटीनं निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा माणसं गरम भजी खात उभी होती, आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

या सासूला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. कानडीत अव्वा म्हणजे आई. उदगीरच्या पलीकडं, बिदरच्या अंगाला तिचं गाव. तिची लेक शोभा विशूची बायको. आमचं बालपण उदगीरचं, गल्लीत कानडी ऐकतच आम्ही वाढलो, त्यामुळं हे स्थळ आलं तेव्हा भाषेचं कुणाला काही वाटलं नाही. अव्वा लेकीकडं राहायला आली तेव्हा धडधाकट होती, मराठी तर अशी बोलायची की भाजीवाल्याला घाम फोडील. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या, मग मराठी गेली आणि मागं फक्त कानडी उरली. त्यातच शोभाला कर्करोग झाला आणि ती गेली. अव्वाच्या मुलानं तेव्हा उदगीरहून फोन केला, "भावजी, आईला तिथलीच सवय झालीय, राहू द्या." मी विशूला म्हटलं, "बायको गेली अन् सासू गळ्यात पडली, तुझ्यासारखा तूच." तो म्हणाला, "अक्का, ती कुठं पडली? ती बसलीय की तिच्या जागेवर." असलं काही बोलला की मला त्याच्यावर नीट चिडताही येत नसे.

विशू खरं बोलणारा माणूस. बारावीच्या परीक्षेत तो पर्यवेक्षक आहे म्हटल्यावर पोरं चिठ्ठ्या गेटाबाहेरच टाकून देत. त्याच्या या खरेपणानंच पहिले काही महिने घराचं स्मशान केलं. अव्वा सकाळी उठून विचारायची, "शोभी एल्लि?" शोभी कुठंय? हा सांगायचा, अव्वा, शोभा गेली. की अव्वा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून घ्यायची, भिंतीवर डोकं आपटायची, दमून झोपायची. उठली की पुन्हा, "शोभी एल्लि?" मी दिवाळीला गेले होते तेव्हा हे बघितलं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. विशू ओट्यापाशी पाठ करून उभा होता. म्हणाला, "माणूस एकदाच मरतं म्हणतात, अक्का. आमच्या घरी रोज मरून राहिलंय."

मग कुठल्याशा बारशाला तो अव्वाला घेऊन उदगीरला गेला. तिथं पाहुण्यांच्या घरी टीव्हीवर कानडी मालिका लागली होती. त्यातली सून पडद्यावर आली आणि अव्वा ताठ झाली. "शोभी बंदळु," ती म्हणाली. शोभी आली. त्या पोरीची हनुवटी, केसांचा भांग, पदर खोचायची लकब, काय जुळलं ते देव जाणे. मला विचाराल तर शोभाचं आणि तिचं नाकसुद्धा जुळत नाही. पण अव्वानं त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "एल्लि" विचारलं नाही.

नांदेडला त्यांच्या केबलवर ते चॅनल नव्हतं. असतं तरी ऐन मालिकेच्या वेळेला वीज राहीलच याचा भरवसा आमच्याकडं कुणी देत नाही. तेव्हा आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी जुना कॉम्प्युटर उघडला, त्यात मोठ्या डिस्क बसवल्या, तो इन्व्हर्टरला जोडला आणि पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. कपाटाला मागून भोकं पाडली, उन्हाळ्यात यंत्राला वारा लागावा म्हणून. स्वतःच्या खोलीचा कूलर मात्र गळका तो गळकाच. तो त्याला सर्व्हर म्हणायचा, मी डबा म्हणायची. मला समजावून सांगताना त्याचा चेहरा वर्गात असायचा तसा व्हायचा. "पहाटे ते आपलं आपण बघतं, नवा भाग आला का. आला असला की उतरवून घेतं, नाव देतं, नंबर लावतं, जुन्याच्या मागं नेऊन ठेवतं. दुपारी टीव्ही लावला की अव्वाचा भाग हजर. मी काहीच करून राहिलो न्हाई, तेच सगळं करून राहिलंय." मी म्हटलं, "म्हणजे फुकटात ओढून राहिलंय. पोरांच्या कॉप्या पकडणारा तू." तो हसला. "ह्या वयात एवढी कॉपी चालती, अक्का."

तो काहीच करत नाही, हे मात्र त्याचं बोलणं खोटं होतं. मी नांदेडला असले अन् सकाळी चहा घेऊन गेले की तो कानाला हेडफोन लावून, वही तपासावी तशा कपाळाला आठ्या घालून, ती मालिका एकटा बघत बसलेला दिसायचा. मी चेष्टा करायची, "सासूपेक्षा जावईच नादी लागलाय." तो नुसतं हं म्हणायचा. दुपारी पुन्हा अव्वाशेजारी बसून तोच भाग बघायचा. अव्वा पडद्याकडं बोट करून त्याला सांगायची, बघ, शोभीनं नवी साडी नेसलीय, बघ, शोभी हसली. तो मोडक्यातोडक्या कानडीत हो ला हो करायचा आणि तिच्या तोंडात घास द्यायचा. आमची शेवटची भेट झाली तेव्हा मी त्याला विचारलंच, "रोज परक्या बाईला शोभा म्हणायचं. तुला काय होतं रे?" त्यानं ताटातलं उरलेलं वरण पुसून घेतलं. "पहिले पहिले लई राग यायचा. आता..." त्यानं अव्वाच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. मग म्हणाला, "आता मलाबी जरा तशीच दिसती." एवढं बोलून तो अव्वाचं तोंड धुवायला पाणी आणायला उठला.

मयताच्या घरात टीव्ही लावत नाहीत. आमच्या धाकट्या काकूंनी पहिल्याच दिवशी टीव्हीवर चादर टाकली. दुपार झाली की अव्वा तिच्या जागेवर येऊन बसायची आणि त्या चादरीकडं बघत राहायची. विशूला नेताना तिनं बघितलं होतं, रडलीही होती, पण दिवा लागायच्या आत विसरली. जावई कुठंय विचारलं की आता आम्ही सगळेच सांगायचो, कॉलेजात गेलाय, येईल. खोटं कसं बोलायचं ते विशूनंच आम्हाला शिकवून ठेवलं होतं. पण मालिका नाही म्हटल्यावर अव्वा जेवेना. घास ओठाशी नेला की तोंड फिरवायची. मी काकूंना म्हटलं, "तेवढा अर्धा तास लावू द्या, म्हातारी मरंल." काकू म्हणाल्या, "अन् लोक तोंडात शेण घालतील ते?" मी म्हटलं, "त्या लोकांना म्हणावं, या अन् तुम्ही भरवा." बोलाचाली झाली, माझे मोठे दीर मध्ये पडले, चादर तशीच राहिली. तेरावं होईपर्यंत अव्वा दुधावर आणि ताकावर जगली. अंगावरचं पातळ दोनदा गुंडाळावं लागे, इतकी ती वाळली.

पाहुणे गेले, घर रिकामं झालं आणि विशूच्या मुलानं, नितीननं, चादर काढली. नितीन पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बापाला खांदा देताना तो रडला नाही, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतानाही नाही. कपाटाचा खालचा कप्पा उघडून त्या डब्यासमोर मांडी घालून बसला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. "आत्या, हे बघ, बाबांनी सगळं स्वतः जुळवलंय. किती वेडंवाकडं, पण चालतंय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "नाही गं... चालत नाहीये. वर्षाच्या वर झालं, एकही नवा भाग आलेला नाही. बिघडलंय. बाबांना दुरुस्त करता आलं नसणार, मला एक फोन करायचा ना. अव्वा बिचारी फिरून फिरून तेच बघतीय." मलाही ते पटलं. मला तर त्या मालिकेचे सगळेच भाग सारखे वाटत आले होते. नितीननं दुपारपर्यंत खटपट केली. कपाटात डिस्क घरघरायला लागली आणि राहिलेले भाग एकामागून एक येऊन पडू लागले. बाप गेल्यापासून त्या पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग दिसला. बापाचं काहीतरी अर्धं राहिलेलं आपण पुरं केलं, असं त्याला वाटत होतं. अव्वाला त्यानं स्वतः आणून बसवलं. मी भाकरी दुधात कुस्करली. "अव्वा, आज एकदम नवा भाग," असं म्हणून त्यानं सगळ्यात शेवटचा भाग लावला.

पडद्यावर तोच दिवाणखाना, तीच माणसं. फक्त मधल्या भिंतीवर त्या सुनेचा मोठा फोटो, फोटोला चंदनाचा हार, पुढं समई. घरातले सगळे हात जोडून उभे. शोभा नितीनशी मराठीतच बोलायची, त्यामुळं ते काय बोलत होते ते त्याला समजण्याचं कारण नव्हतं, पण हाराला भाषा लागत नाही. तो रिमोट शोधायला लागला आणि हातात असलेला रिमोट त्याला सापडेना... अव्वा उठली. भिंत धरत धरत टीव्हीपर्यंत गेली, त्या फोटोवरून हात फिरवला. मागं वळून माझ्याकडं बघितलं. "सत्तळा?" तिनं विचारलं. मेली का? तेरा दिवस मी धडाधडा खोटं बोलले होते, पण त्या वेळी माझी जीभ उचलली नाही. आता ऊर बडवील, डोकं आपटील म्हणून मी ताटली खाली ठेवून पुढं झाले. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं माझा हात घट्ट धरला, मला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "अळियाग हेळब्याड."

जावयाला सांगू नका.

मग पदरानं डोळे पुसले आणि टीव्ही बंद करायची खूण केली. तो यायची वेळ झाली होती ना.

नितीन संध्याकाळी पुन्हा त्या डब्यासमोर बसला. बऱ्याच वेळानं मला हाक मारली. "आत्या, हे बिघडलं नव्हतं. बाबांनी थांबवलं होतं." ती सून मालिकेत ज्या भागात मरते, त्याच्या आदल्या भागावर विशूनं यंत्राला थांबवून ठेवलं होतं. त्यापुढचं काही आणायचं नाही, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आणि आधीच्या भागांतूनही कितीतरी गाळलेले. ती रडते ते, सासू तिला हाकलते ते, दवाखान्यातले तर सगळेच. सकाळी आठ्या घालून बसायचा तो यासाठी. नितीन मला विचारत होता, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसती बसले. त्यानं नवे आलेले सगळे भाग पुसून टाकले आणि बापाचं जसं होतं तसं करून ठेवलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

अव्वा सध्या माझ्याकडं लातूरला आहे. मी काही देवमाणूस नाही. नितीनच्या दोन खोल्यांत तिची सोय नव्हती, तिच्या मुलाला सवडीचा त्रास आहे, मग उरलं कोण? डबाही सोबत आणलाय, पण ती टीव्ही लावू देत नाही. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, माझं नाव तिला अजून आलेलं नाही, मी तिला कुणीतरी नर्सबाई वाटते. शोभा गेल्याचं तिला किती वेळा सांगितलं आणि किती वेळा ती विसरली. या वेळी मात्र विसरायला तयार नाही. जेवते. जावयाला संशय येऊ नये म्हणून जेवते, असं मला वाटतं. दुपारच्या चहाच्या आधी ती खाटेवर उठून बसते. तोंडावरून ओला पंचा फिरवून घेते, पदर नीट करते, टीव्ही बंद आहे ना ते मला पुन्हा एकदा बघायला लावते. मग दोघीजणी दाराकडं तोंड करून बसतो. तेवढा वेळ माझा भाऊ जिवंत असतो. कॉलेज सुटलेलं असतं, तो स्कूटरवरून घराकडं यायला निघालेला असतो, आणि त्याला अजून काही म्हणजे काही ठाऊक नसतं. गेट वाजलं की अव्वा माझा हात दाबते. मी उठून बघायला जात नाही.