वगळलेला तिसरा ठिपका

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. दादाजवळ नाही, बायकोजवळ तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतो आहे — कोण जाणे. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच असेल.

मी जात्याच संशयी. दोन माणसे हळू बोलली की माझेच काही बोलत असतील असे वाटणारा. कल्याणास राहावे, आगगाडीने ठाण्यास जावे, कचेरीत गावांचे नकाशे काढावेत — एवढेच माझे जग. त्या वर्षी वहिनीच्या, दादाच्या बायकोच्या, मानेला गाठ आली. मग काखेत दुसरी. दादा नोकरीला नगरास, तेव्हा औषधपाणी माझ्याकडे. मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांना गाठले. तपासल्यावाचून कसे सांगू, म्हणाले. पण परपुरुषाने तपासायचे — आमच्या घरात त्याचे नाव कोण काढणार? शेवटी त्यांनीच तोड काढली.

"तुम्ही नकाशे काढता ना? मग बाईंची आकृती काढा. गाठी कुठे कुठे आहेत, त्यांनाच खुणा करू द्या. हे दुखणे दुसरीकडून पसरते आहे. मूळ सापडले तरच मुंबईच्या बाईडॉक्टरांकडे ते कापायला पाठवण्यात अर्थ आहे."

मला वाटले, इथे पाणी मुरते आहे. घरच्या बाईचे चित्र याला कशाला हवे? कोणाला दाखवील? तरी काढले — नुसती बाह्यरेषा. बायकोने कागद आत नेला. वहिनीने काजळाने ठिपके दिले. मानेवर, काखेत, आणि —

कसे सांगू? डाव्या स्तनावर. बोट दाबून दिलेला, ठळक.

तो माणूस त्या ठिपक्याकडे बघेल, हे मला सोसवेना. मी शाईने नवी प्रत केली. तिच्यात दोनच ठिपके. वहिनीचा कागद चुलीत घातला.

डॉक्टर चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. "आणखी कुठे? छातीत?" आला शेवटी त्यावरच, असे मनात म्हणत मी सांगितले, नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणालो. मग त्यांनी मानेला लावायला मलम दिले.

लाज वाटली म्हणू? लाज कोणाची — जिची, तिने तर ठिपका दिला होता! आणि त्या भल्या माणसाने संशय घेण्याजोगे काय केले होते? काहीसुद्धा नाही.

घरी आलो तो वहिनी दाराआड उभी. "भाऊजी, तो तिसरा ठिपका पाहिला का हो त्यांनी?"

"पाहिला. त्याचे काही नाही म्हणाले."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पुढे ती आणि बायको कुजबुजू लागल्या की माझे कान टवकारत — चोराच्या मनात चांदणे!

दिवाळीला तिने अंथरूण धरले, माघात गेली. अखेरीस वेदनेने तळमळायची, तरी बायकोला पदर बाजूला करू देईना. "अगं, त्याचे काही नाही. डॉक्टरांनी पाहिलेय," म्हणायची. मी ओटीवर बसून ऐकत असे.