तळ्याकाठी आईने बसावं म्हणून

माझं मागणं एवढंच होतं की आईने एक दिवस नुसतं बसावं. पाण्याकाठी, वाळूत, पाय लांब करून. कोणाला काही वाढायचं नाही, कोणाचं उष्टं उचलायचं नाही, "पानी आन वं" अशी हाक आली तरी उठायचं नाही. सत्तरीला टेकलेल्या बाईसाठी हे फार झालं का? पण आमच्या घरात मी सोन्याची पाटली मागितली असती तर ती लवकर मिळाली असती, याची मला आता खात्री आहे.

झालं असं की आखाजीसाठी मी माझ्या मुलीला घेऊन माहेरी, कळसाडीला आले होते. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि आम्हा बायकांना ती दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणींनी माहेरी यायचं, निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची आणि कामाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. त्या कायद्याने वहिनी तिच्या माहेरी गेली होती आणि मी माझ्या माहेरी आले होते. मग घरात राबायला उरलं कोण? आई. लेकींना माहेर मिळावं म्हणून आईने जन्मभर सासरीच राहायचं, हे कोणी ठरवलं ते मला कोणी सांगेल का?

आईला माहेर नव्हतं असं नाही. प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठाला तिचं लहानसं गाव आहे. आजी-आजोबा गेले, मामा सुरतेला जाऊन बसला, घराला कुलूप लागलं, आणि मग "आता तुझं माहेर संपलं" असं सगळ्यांनी मिळून परस्पर ठरवून टाकलं. तेव्हापासून आई तिकडे गेलीच नाही.

तर एका दुपारी माझ्या मुलीने मोबाइलवर उकाई धरणाच्या फुगवट्याचे, म्हणजे मागे साठलेल्या तळ्याचे, फोटो दाखवले. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि नवापूरच्या बाजूला काठाकाठाने वाळू उघडी पडते. कुठे सपाट, कुठे टेकड्यांसारखी चढलेली. "आजी, समुद्र!" ती म्हणाली. आईने पीठ भरलेल्या हातानेच वाकून पाहिलं. "आशी वाळू ते आमना गावले बी शे," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं, या बाईला तिथे नेऊन बसवायचं.

भावाने गाडी काढायचं कबूल केलं. मी अट घातली, डबा करायचा नाही, जेवण बाहेर. बाबा "हां हां" म्हणाले. आणि पहाटे मला जाग आली ती लसणाच्या फोडणीच्या वासाने! पुऱ्या तळून झालेल्या, बटाट्याची भाजी झालेली, ठेचा वाटून झालेला, आणि आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले तर म्हणते कशी, "तुन्हा बाबासले बाहेरनं चालत नही." आता बाबांना लग्नाच्या पंगतीत काय काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण बोलायची सोय नाही.

त्याहून मोठा घोळ बाबांनी आदल्या संध्याकाळीच करून ठेवला होता. त्यांनी फोनवर त्यांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या फुईला सांगितलं, की उद्या आम्ही तळ्यावर चाललो. बस्स. फुईला सांगितलं म्हणजे सगळ्या भावकीला सांगितलं. रात्री जेवणं व्हायच्या आत बाबांचा फोन तापला. प्रत्येकाचं एकच, "आमना दारवरथून जाशात आनि चाय लेवाबिगर जाशात?"

आमच्याकडे वाटेवरच्या नातेवाइकाला तोंड न दाखवता पुढे जाणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. लग्नात आहेर चुकला तर लोक विसरतील, पण "त्या दिवशी आमच्या फाट्यावरून भर्रकन गेले" हे नातवंडांना सांगतील. मला हे माहीत होतं. म्हणून तर मी म्हटलं होतं, कोणाला सांगू नका.

शहाद्याला बाबांच्या चुलतभावाकडे गाडी थांबली. "पाच मिनिटं," बाबा म्हणाले. पुरुष पंख्याखाली बसले, पोहे झाले, शेव आली, चहा झाला, कापसाच्या भावाची चर्चा झाली, उसाच्या तोडीची झाली. आणि आई? ती उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या स्वयंपाकघरात गेली होती. काकूंची कंबर धरली होती ना! मग चहाच्या कपबश्या कोण विसळणार? मी जाऊन आईचा हात धरला तर काकू हसून मलाच म्हणाल्या, "तू बस वं बेटा, तू माहेरले येल शे." घ्या!

पुढे प्रकाशाच्या पुलावर आलो तशी आई खिडकीला चिकटली. बंधाऱ्यामुळे तिथे तापीचं तळंच झालंय, वाहतं पाणी म्हणून ओळखूही येत नाही. काठाला वाळू पांढरी चमकत होती. आईने माझ्या मुलीला बोट करून दाखवलं, "तठे, त्या निंबना झाडेसना मांगे, आमनं गाव." ती "आमनं" म्हणाली. इतक्या वर्षांनी.

"बाबा, इथे थांबू या," मी म्हटलं.

"तठे कोन शे आते?" बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले. "कुलूपले तोंड दावो का?"

भाऊ हसला. विनोद झाला म्हणून बाबाही हसले. आईने काच वर करून घेतली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! चुलतभावाच्या घरी पाच मिनिटांचा तास चालतो, आणि जिच्या हातचं खाऊन हे सगळे उभे राहिले तिच्या गावासाठी गाडीला ब्रेक नाही? पण म्हटलं, जाऊ दे, तळ्यावर पोहोचलो की ती बसेलच.

नंदुरबार आलं. तळ्यासाठी इथून नवापूरच्या रस्त्याला लागायचं. भावाने गाडी वळवली ती दुसरीकडे, रनाळ्याच्या रस्त्याला. फुई रनाळ्याची. "अरे, रनाळे वाटेत कुठे आहे?" मी ओरडले. "थोडासा वळसा शे," भाऊ म्हणाला. शाळेत भूगोलात याला कोणी पास केलं देव जाणे. तळं एका दिशेला, फुई दुसऱ्या दिशेला, आणि बाबा पुढे बसून उंटावरून शेळ्या हाकताहेत, "डावी घे, आते सरळ."

फुईच्या अंगणात मांडव घालून पापड चालले होते. खाटांवर जुन्या साड्या, साड्यांवर पापड, आणि गल्लीतल्या बायका पोळपाट घेऊन गोल बसलेल्या. फुईने आईला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तिथेच ओळखलं, मेलो आपण. "वहिनी, बरं व्हयनं तू उनी! तुन्हा हातनासारखा पापड कोन्हाच नही."

झालं. कौतुक करून बाईला कसं जुंपावं हे आमच्या फुईकडून शिकावं. आईने पदर खोचला आणि लाटणं घेतलं. मध्येच जेवणं झाली. शेवभाजी, भजी, तळलेल्या कुरडया, आग्रहावर आग्रह. वाढायला आई. जेवून बाबा आणि भाऊ कूलरसमोर जे आडवे झाले ते घोरायलाच लागले. आई पुन्हा पोळपाटाशी. उडदाच्या पिठाला तेलाचा हात लावून ती लाटत होती आणि मी तिच्याजवळ उकिडवी बसून कुजबुजत होते, "आई, ऊठ. आपण वाळूत बसायला निघालोय." ती म्हणाली, "लाटी खराब व्हई जाई. एवढा गोळा सरू दे." एक गोळा सरला की फुई दुसरा पुढे सरकवायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

उन्हं कलली तेव्हा बाबा उठले. तोंड धुतलं, चहा घेतला, आकाशाकडे पाहिलं आणि निर्णय दिला, "आते तळावर जाता जाता अंधार पडी. पुढला साल देखू. चला घर."

आणि सगळे उठलेसुद्धा! कोणाला काही वाटलंच नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि तृप्तीचे ढेकर मात्र खरे. माझी मुलगी रडवेली झाली. आईने साडीवरचं पीठ झटकलं, फुईने बांधून दिलेले पापड घेतले आणि गाडीत येऊन बसली. तिच्या पायाशी पहाटेपासूनचा डबा तसाच होता. न उघडलेला. दिवसभर लोकांनी खाऊ घातल्यावर तो उघडणार कोण? ज्या डब्यासाठी बाई अंधारात उठली, त्या डब्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. मी तो डबा पाहिला आणि माझा बांध फुटला.

परतीच्या सबंध रस्त्यात मी बोलत होते. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माणसांना लाज कशी वाटत नाही, इथपासून मी सुरुवात केली. बाबा "अवं, पन काय व्हयनं?" एवढंच म्हणत राहिले. हेच तर. काय झालं हेच यांना कळत नाही! पुन्हा तो पूल आला. मी भावाला म्हटलं, "पूल ओलांडला की आईच्या गावाकडे वळव. नाहीतर मी दार उघडून उतरते आणि चालत जाते." माझा आवाज ऐकून त्याने मुकाट्याने गाडी वळवली.

गावात गाडी थांबली. मला वाटलं आई आधी ते कुलूपबंद घर पाहील, डोळ्याला पदर लावील. छे! तिने घराकडे नुसतं एकदा पाहिलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि नदीच्या उताराला लागली. गुडघे दुखतात म्हणणारी माझी आई इतकी भराभर चालली की मला आणि माझ्या मुलीला पळावं लागलं. डबा मी उचलून घेतला होता.

खाली सगळी वाळू. पाण्यालगत ओली, सपाट, आणि मागे वाऱ्याने चढवलेले तिचे उंच ढीग. माझी मुलगी किंचाळत त्यांच्यावर चढली. काठाला टरबुजाची वाडी होती, काटक्यांची झोपडी आणि एक खाट. एक म्हातारी पाटी घेऊन वेलांवरची टरबुजं तोडत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन वं?"

आईने आपल्या बापाचं घर सांगितलं, ते कुलूप लागलेलं, निंबाजवळचं. म्हातारीच्या हातातली पाटी पडली. "ओ माय वं!" म्हणत तिने आईच्या गालांवर दोन्ही हात ठेवले. दोघी एका झोक्यावर वाढलेल्या, हे मला नंतर कळलं. तिने आईला ओढून खाटेवर बसवलं आणि टरबूज आणून फोडायला घेतलं. आईचा हात सवयीने सुरीकडे गेला. म्हातारीने त्या हातावर फटकन मारलं.

"हात नको लाऊ. माहेरमा लेक काम करस का?"

आईने हात मागे घेतला. मग खाटेवरून उतरून ती खाली वाळूत बसली आणि पाय लांब केले. तिचे तळवे मी नीट असे पहिल्यांदाच पाहिले. भेगांमध्ये वाळू भरत होती. ती टरबूज खात होती, रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि ती पुसतही नव्हती. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

तेवढ्यात बाबा वाळूत बूट रुतवत आले. "चाल, दिवस बुडी ऱ्हायना."

आई उठली नाही. "आखाजी शे," ती म्हणाली. "मी आठेच ऱ्हासू."

"आठे? कोन्हा घर?"

"मन्हा घर," म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली.

आखाजीला पितरांची घागर भरायची असते, तोवर घरात आंबाही चाखत नाहीत. बाबा म्हणाले, "मंग घागर कोन भरी? पुरन कोन घाली? रस कोन करी?"

आईने टरबुजाची बी वाळूत थुंकली. रागाने नाही, अगदी साधं म्हणाली, "माले काय म्हाईत? मी माहेरले शे."

आम्ही तिला तिथेच सोडून निघालो. डबा मी त्या दोघींजवळ ठेवला. घरी पोहोचलो, बाबा ओसरीतल्या खुर्चीत बसले आणि सवयीने आत हाक मारली, "पानी आन वं." आत कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर पाय लांब करून बसले होते आणि तशीच बसून राहिले. मीही माहेरीच होते.