कच्चं सोल्डरिंग

नाथाभाऊंना सातपुरात लोक येडा म्हणायचे. मीही म्हणायचो, शेजारीच माझं गॅरेज. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर घरी बनवायचा! पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारी पेटी. कंपनीची पेटी जळाली की लोक चांगली गाडी भंगारात काढायचे, म्हणून ही खटपट. पहिली पेटी २००२च्या दसऱ्याला मेव्हण्याच्या, सोमनाथच्या जुन्या गाडीत बसवली.

झाकण लावायच्या आधी नाथाभाऊंच्या बायको, साधनावहिनी, पूजेचं ताट घेऊन आल्या. भावाच्या गाडीचं यंत्र, त्यात दसरा. त्यांनी उघड्या बोर्डावरच हळदकुंकू वाहिलं. नाथाभाऊ नुसते हसले आणि स्क्रू आवळले. मी पाहिलं, तरी गप्प राहिलो. त्याचा मला आजही संताप येतो.

आठ दिवसांनी, पावसात, पेठच्या घाटात चढावर इंजिन बंद पडलं. मागून ट्रक आला. सोमनाथ जागेवर गेला.

पेटी परत मिळाल्यावर आम्ही दोघांनीच ती उघडली. सेन्सरच्या पिनांमध्ये ओलं कुंकू लगदा होऊन बसलं होतं, त्यानेच शॉर्ट झालं होतं. नाथाभाऊंनी आधी दार लावलं. जुन्या टूथब्रशने, स्पिरिट टाकून बोर्ड लख्ख घासला.

"एक शब्द बाहेर गेला तर माझं मेलेलं तोंड बघशील," मला म्हणाले. "आपल्या हातून भाऊ गेला हे कळलं तर ती जगायची नाही."

बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं सोल्डरिंग कच्चं होतं."

त्या दिवसापासून वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, उठून जायच्या.

नाथाभाऊ ड्युटीवरून आले की तो बोर्ड टेबलावर चालवत बसायचे. टिकटिक, टिकटिक. मधेच हात वर करायचे. "ऐक, सोमनाथ सेल्फ मारतोय. गाडी सुरू होत नाहीये." गल्लीत चिटपाखरू नसायचं.

एकदा मी भडकलोच. "अहो भाऊ, फेका ना ते! काय शोधताय त्यात?"

"एकदा तरी बंद पडू दे रे," ते म्हणाले. "माझीच चूक निघू दे. मग तिच्याशी खोटं बोललो असं होणार नाही."

सात वर्षं चालवला. मेला एकदाही बंद पडला नाही. २००९ला नाथाभाऊच गेले.

तेराव्यानंतर वहिनी गॅरेजमध्ये आल्या. उभ्याउभ्याच विचारलं, "ते रोज लावून बसायचे, ते कधी बंद पडायचं का?"

"पडायचं, वहिनी. रोज पडायचं."

त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या.

"म्हणजे सात वर्षं मी बोलले नाही, ते बरोबरच केलं ना?"

मी हो म्हणालो.